आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९

कंत्राटदारामार्फत परराज्यात नेलेल्या मजुरांच्या सेवाशर्तींचा केंद्रीय कायदा. ओडिशातील ‘दादन’ मजुरांची पिळवणूक हे त्याचे मूळ. अंमल २ ऑक्टोबर १९८० पासून. पाच किंवा अधिक असे मजूर असल्यास आस्थापनेची नोंदणी, कंत्राटदारास परवाना, विस्थापन व प्रवास भत्ता, निवारा, मोफत औषधोपचार बंधनकारक होते. प्राणघातक अपघाताची खबर दोन्ही राज्यांचे अधिकारी व नातलगांना द्यावी लागे. राज्यातल्या राज्यात फिरणारे मजूर मात्र कक्षेबाहेरच राहिले (पहा : ऊसतोड कामगार). या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत (पहा : कामगार संहिता) स्वतःहून आलेले मजूरही येतात, मर्यादा पाचावरून दहावर गेली.