गोलरक्षकाचा इतिहास: व्हिन्सेंट व्हानाशच्या निमित्ताने

ध्यानचंदांचे आत्मचरित्र १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'गोल'. हॉकीच्या इतिहासाकडे पाहण्याची आपली सारी दृष्टी त्या दोन अक्षरांत सामावलेली आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. ज्याने गोल केला त्याचे नाव धावफलकावर, वर्तमानपत्रात आणि पुढे पाठ्यपुस्तकात जाते. ज्याने तो होऊ दिला नाही त्याच्या कर्तृत्वाची नोंद शून्य या आकड्याने होते, आणि शून्याला कर्ता नसतो.

१९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकचेच उदाहरण घेऊ. भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. त्यांतले नऊ बेल्जियमवर. हे आपल्याला ठाऊक असते. परंतु त्या पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, आणि तेव्हा गोलात उभा असलेला रिचर्ड ॲलन हा नागपुरात जन्मलेला होता, हे मराठी वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल? तीन ऑलिंपिकांत मिळून या माणसाने अवघे दोन गोल स्वीकारले. त्याच्याविषयी सांगितली जाते ती आख्यायिका मात्र वेगळीच: १९३२ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध (भारताचा विजय २४-१) तो गोलामागे जाऊन प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होता आणि तेवढ्यात तो एक गोल झाला. गोलरक्षक लोकांच्या स्मरणात राहतो तो असा, चुकल्यामुळे.

ज्या बेल्जियमवर तेव्हा नऊ गोल झाले, त्याच देशाच्या एका गोलरक्षकाविषयी आम्हांला येथे लिहायचे आहे. व्हिन्सेंट व्हानाश, जन्म १९८७.

बेल्जियमची हॉकी पूर्वी अगदीच नगण्य होती असे नाही. १९२० साली अँटवर्पला, घरच्याच मैदानावर, त्यांना कांस्यपदक मिळाले होते. अर्थात स्पर्धेत संघ चारच होते. पुढे मात्र उतरण लागली. १९७६ च्या माँट्रिऑलनंतर बेल्जियमचा संघ ऑलिंपिकमध्ये दिसला तो थेट २००८ साली बीजिंगला, आणि तोही आदल्या वर्षीच्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीला ४-३ असे हरवून तिसरे स्थान मिळवल्यामुळे. या पुनरागमनामागे ऑस्ट्रेलियन, डच आणि न्यूझीलंडचे प्रशिक्षक आणण्याचे धोरण होते, तरुण खेळाडूंवर केलेला दीर्घ खर्च होता. फ्लेमिश आणि फ्रेंच अशा दोन भाषांत दुभंगलेल्या देशात 'रेड लायन्स' हे नाव दोन्हीकडच्या पोरांनी सारख्याच अभिमानाने मिरवावे, ही गोष्टही भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. असो.

व्हानाश लंडन (२०१२) ते पॅरिस (२०२४) अशी चार ऑलिंपिके खेळला. हॉलंडच्या ओरांये झ्वार्टकडून २०१५ साली त्याने युरो हॉकी लीग जिंकली. २०१९ साली वॉटर्लू डक्सच्या गोलात तो उभा असताना त्या संघाने रोट-वाइस कोलोनला ४-० असे हरवून तीच स्पर्धा जिंकली. असा मान मिळवणारा तो पहिला बेल्जियन क्लब. पुढे व्हानाश त्याच कोलोनच्या क्लबकडून खेळू लागला, हा योगायोग गमतीचा. २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने त्याला सर्वोत्तम गोलरक्षक ठरवले.

परंतु या यादीहून महत्त्वाची वाटते ती एक नियमबदलाची कथा. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. पूर्वी बरोबरीचा सामना पेनल्टी स्ट्रोकने निकालात काढत. चेंडू ६.४ मीटरवर ठेवलेला, गोलरक्षकाचे पाय रेषेवर खिळलेले. त्याने अंदाज बांधावा आणि एका बाजूस झेप घ्यावी, बाकी दैवाधीन. २०११ च्या सुमारास त्याऐवजी शूटआउट आले. आक्रमक खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, त्याला आठ सेकंद मिळतात, आणि मुख्य म्हणजे शिट्टी वाजताच गोलरक्षक रेषा सोडून पुढे येऊ शकतो. कोन किती कापायचा, कधी थांबायचे, कधी अंग टाकायचे हे आता तो ठरवतो. ज्याच्या वाट्याला आजवर केवळ प्रतीक्षा होती त्याला नियमाने कर्तेपद दिले. व्हानाशची कारकीर्द नेमकी या बदलाबरोबर बहरली. तो पुढे येतो, परंतु लगेच पडत नाही. समोरच्यालाच आधी निर्णय घ्यायला लावतो, आणि आठ सेकंदांतली निम्मी त्यातच संपतात. वीस वर्षे आधी जन्मता तर तो उत्तम गोलरक्षक झालाच असता. अंतिम सामने ठरवणारा झाला असता की नाही, याची आम्हांला शंका आहे.

१६ डिसेंबर २०१८, भुवनेश्वर. विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर नेदरलँड्स, पूर्ण वेळेत ०-०. शूटआउटमध्ये आर्थर डी स्लूव्हरने चेंडू गोलात घातला आणि बेल्जियमचे खेळाडू नाचू लागले. पण चेंडू पायाला लागल्याचे चित्रफितीत दिसले आणि गोल रद्द झाला. जिंकलेला सामना हातातून काढून घेतल्यावर पुन्हा गोलात उभे राहायचे होते. सडन डेथमध्ये फ्लोरेंट व्हान ऑबेलने गोल केला, आणि येरून हेर्ट्झबर्गरला व्हानाशला चकवता आले नाही. बेल्जियमचा पहिला विश्वचषक, ३-२.

टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ रोजी जवळपास हेच नाटक पुन्हा घडले. ऑस्ट्रेलियाशी १-१, मग शूटआउट. जेकब व्हेटनचा शेवटचा प्रयत्न व्हानाशने अडवला, जल्लोष झाला, आणि चित्रफीत पाहून पंचांनी तो प्रयत्न पुन्हा घ्यायला लावला. व्हानाशने तो पुन्हा अडवला. दोनदा जिंकावे लागलेले हे सुवर्णपदक.

आता एक अवघड गोष्ट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महासंघाचे वार्षिक पुरस्कार जाहीर झाले आणि आठही पुरस्कार भारतीय खेळाडूंना व प्रशिक्षकांना मिळाले. सर्वोत्तम गोलरक्षक ठरला पी. आर. श्रीजेश. बेल्जियमच्या हॉकी संघटनेने जाहीर नाराजी व्यक्त केली: सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाला एकही पुरस्कार मिळू नये, तर ही मतदानाची पद्धतच सदोष आहे. आपल्याकडे यावर बहुधा हसणेच झाले. श्रीजेशचा खेळ थोर होता, ४१ वर्षांनी मिळालेल्या कांस्यपदकात त्याचा वाटा निर्विवाद होता, आणि त्याच्यावर आमचेही प्रेम आहे. तरीही त्या वर्षी, त्या अंतिम सामन्यानंतर, हा मान व्हानाशचा होता असे आमचे मत आहे. चाहत्यांच्या मतांना जिथे वजन असते तिथे आपल्यासारख्या मोठ्या देशाचे प्रेमही इतिहासलेखनात हस्तक्षेप करते. साहित्यातील पुरस्कारांबद्दल हीच तक्रार करणाऱ्या आम्हां मंडळींना हे कळायला जड जाऊ नये.

जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वरच्याच मैदानावर पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना, पुन्हा शूटआउट. या वेळी समोर जर्मनी. दोन गोलांची आघाडी घेऊनही बेल्जियमला ३-३ वर थांबावे लागले होते. जर्मनीने खास शूटआउटसाठी आपला गोलरक्षक बदलला आणि जाँ-पॉल डानेबर्गला आत पाठवले. म्हणजे जे काम व्हानाशने प्रतिष्ठेला नेले होते, त्याच कामासाठी आता वेगळा माणूस राखून ठेवला जात होता. जर्मनी ५-४ अशी जिंकली. स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार घेण्यासाठी व्हानाश पराभूत संघातून पुढे आला.