मालेगावची तिखट सुकट
मालेगावला समुद्र नाही, पण बाजारात सुकट असतेच. बर्फ नव्हता तेव्हाही कोळणींनी उन्हात वाळवलेली ही बारीक कोळंबी घाट चढून येई. मिरची मूळ अमेरिकेची, 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेली. तिकडे लुइझियानात केजन लोकांची तिखट कोळंबी प्रसिद्ध आहे. त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी 1755 पासून आजच्या कॅनडातून हाकललं. आपल्याकडेही 1857 नंतर उत्तरेतली विणकर कुटुंबं येऊन वसली. मागांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं; सुकटीच्या वासाला मात्र नाकं मुरडली. महिनाअखेरीला मूठभर सुकटीवर आमच्या गटातली कितीतरी घरं जेवतात, हे कोण लिहिणार? सुकट कोरडी भाजा, चोळून पाखडा, धुवा. कांदा-लसणावर लाल तिखट, मग सुकट. न्याहारीला बाजरीच्या भाकरीबरोबर वाढा, लिंबू पिळून.