चुकलेले विमान आणि अखंड प्रवास

मराठीत 'माझी गाडी चुकली' असे म्हटले जाते. या वाक्यात कर्ता गाडी आहे, प्रवासी नव्हे. 'मी गाडी चुकवली' म्हटले की मात्र दोष प्रवाशाकडे येतो. कनेक्टिंग फ्लाइट चुकलेल्या प्रवाशाचा कायदेशीर इतिहास हा या दोन वाक्यांमधील अंतराचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

१९२९ च्या वॉर्सा कराराने आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीतील दायित्वाचे नियम प्रथमच एकत्र बांधले. विलंबामुळे होणाऱ्या नुकसानीस वाहतूकदार जबाबदार राहील, असे त्याच्या एकोणिसाव्या कलमात म्हटले होते. किती वेळ गेला म्हणजे विलंब, हे मात्र सांगितले नव्हते. त्याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्याच कलमात होती. उभयपक्षी प्रवास एकच मानला गेला असेल, तर अनेक वाहतूकदारांनी टप्प्याटप्प्याने केलेली वाहतूकही एक अखंड वाहतूक समजावी, हे तत्त्व तेथे नोंदलेले दिसते. परंतु तिसाव्या कलमाने प्रवाशाला साधारणतः ज्या टप्प्यात विलंब घडला त्याच टप्प्याच्या वाहतूकदाराकडे दाद मागण्याची मुभा ठेवली. प्रवास अखंड, जबाबदारी खंडित!

ही विसंगती पुढे व्यापक झाली, ती विमानसेवेची रचनाच बदलल्यामुळे. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेने देशांतर्गत विमानवाहतुकीवरील मार्ग आणि भाडे यांचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा केला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी केंद्रवर्ती विमानतळांची पद्धत झपाट्याने विस्तारली. तिच्यामागील गणित साधे आहे. दहा शहरे परस्परांशी थेट जोडायची तर पंचेचाळीस मार्ग लागतात. त्यांतील एक शहर केंद्र मानले, तर नऊ पुरतात. मात्र केंद्रावर ठराविक वेळी विमानांचा एक थवा उतरवायचा आणि अल्पावधीत दुसरा उडवायचा, अशी ही व्यवस्था असते. साहजिकच एका विमानाचा खोळंबा अनेकांच्या पदरी पडतो. स्वर्गात जायचे असो वा नरकात, अटलांटाला विमान बदलावेच लागते, ही अमेरिकेच्या दक्षिणेकडील थट्टा याच व्यवस्थेतून प्रचलित झाली. मार्गांची बचत कंपनीची, जोखीम मात्र प्रवाशाची, हा तिचा मथितार्थ.

युरोपीय संघाने २००४ मध्ये प्रवाशांच्या हक्कांचा नियम संमत केला आणि तो १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. विमान रद्द झाल्यास त्यात ठराविक भरपाई होती, नुसत्या विलंबास नव्हती. १९ नोव्हेंबर २००९ च्या स्टर्जन निकालात लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने ही भिंत पाडली. मुक्कामी तीन तास वा अधिक उशिरा पोहोचलेला प्रवासी आणि विमान रद्द झालेला प्रवासी यांची हानी सारखीच आहे, कारण गेलेला वेळ परत मिळत नाही, असा त्यातील युक्तिवाद होता. असाधारण परिस्थितीचा अपवाद अर्थातच कायम राहिला.

तरीही जोडविमानाचा प्रश्न उरलाच. मे २००६ मध्ये एक प्रवासी महिला जर्मनीतील ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पाउलो मार्गे पॅराग्वेच्या असुन्सियोनला निघाली होती. ब्रेमेनचे विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले. त्यामुळे पॅरिसचे पुढील विमान चुकले आणि मग साओ पाउलोचेही. अखेर ती अकरा तास उशिरा पोहोचली. पहिला विलंब नियमातील मर्यादेहून कमी होता, म्हणून भरपाई देय नाही, अशी कंपनीची भूमिका. न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१३ रोजी ती अमान्य केली. विलंब मोजायचा तो अंतिम मुक्कामी, प्रस्थानाच्या वेळी नव्हे, असा निर्णय दिला.

या निकालाचे मर्म कथनशास्त्राच्या अभ्यासकांच्या सहज ध्यानी यावे. कंपनीने तीन सुट्या घटना सांगितल्या. प्रवाशाने एक कथा सांगितली. कार्यकारणाने जोडलेल्या घटनांचा शेवट हाच त्यांच्या अर्थाचा निकष असतो, हे न्यायालयाने आपल्या परिभाषेत मान्य केले. १९२९ मध्ये उच्चारलेल्या अखंडतेला चौऱ्याऐंशी वर्षांनी घड्याळाचा काटा मिळाला.

अर्थात ही अखंडता तिकिटाच्या कागदावर अवलंबून आहे. युरोपातील पुढील निकालांनीही एकत्रित आरक्षण हाच आधार धरला. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये विलंबाविषयी नियमावली केली. तिच्यातही विमान रद्द झाल्याने पुढचे विमान चुकले तर भरपाईचा विचार होतो, तो दोन्ही टप्पे एकाच तिकीट क्रमांकावर असतील तेव्हाच. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढणारा विद्यार्थी वा मजूर या कथेच्या बाहेरच राहतो. त्याच्यासाठी प्रवास एकच असतो, कायद्यासाठी दोन. त्याचे विमान चुकले, की त्यानेच ते चुकवले, असे आजही मानले जाते.