कठड्यातले लोखंड कोणते?

जुन्या जालन्यातल्या एका वाड्याच्या माडीला नक्षीचा कठडा आहे. वेलबुट्टीच्या उभ्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक कमळ. त्यातली एक पट्टी मोडली, तेव्हा घरच्यांनी ती वेल्डिंग करून आणली. जोड चांगला दिसत होता. पण दुसऱ्याच दिवशी त्याच्या शेजारी नवी चीर पडली. पुन्हा जोडली, पुन्हा तडकली. आम्ही गेलो तेव्हा ते तुकडे कोनाड्यात ठेवलेले होते.

जालन्यात लोखंडाला तोटा नाही. येथील कारखान्यांत भंगार वितळवून त्याच्या सळया लाटल्या जातात आणि त्या दूरदूर जातात. अशा गावात हातभर पट्टी सांधली जाऊ नये? दोष वेल्डरचा नव्हता. तो ज्याला 'लोखंड' समजून जोडत होता, ते त्याच्या रोजच्या सळईचे लोखंड नव्हतेच.

आपण एकाच शब्दात तीन पदार्थ कोंबतो. पहिला बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते ११५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. पातळ झालेले बीड वाळूच्या साच्यात पाकळीच्या टोकापर्यंत पोचते, म्हणून कमळे बिडाची. पण ते वाकत नाही, तुटते. दुसरे घडीव लोखंड. यात कार्बन जवळजवळ नसतो. मात्र मळीचे बारीक धागे असतात, आणि तोडल्यावर ते उसाच्या चोयट्यांसारखे दिसते. ऐरणीवर त्याला हवे तसे वळवता येते. तिसरे सौम्य पोलाद, म्हणजे आपली सळई. बेसेमरने १८५६ मध्ये आपली पद्धत जाहीर केल्यानंतर पोलाद स्वस्त होत गेले आणि घडीव लोखंड मागे पडले. इंग्लंडमधला त्याचा शेवटचा कारखानाही १९७० च्या दशकात बंद झाला.

आता चीर का पडली ते कळेल. वेल्डिंगच्या ज्योतीने बिडाचा एवढासा भाग वितळतो आणि भोवतीच्या थंड बिडामुळे झटकन निवतो. त्यातल्या कार्बनला ग्रॅफाइट होऊन वेगळे व्हायला वेळच मिळत नाही. तेथे काचेसारखा कठीण, ठिसूळ थर तयार होतो. निवताना धातू आकसतो, ताण येतो आणि तो थर तडकतो. बीड जोडायचेच तर सगळा तुकडा आधी तापवावा लागतो, निकेलची कांडी वापरावी लागते आणि नंतर राखेत किंवा वाळूत हळूहळू निवू द्यावे लागते.

नक्षीदार लोखंडाची मोठी लाट आपल्याकडे मुंबईत आली. १८६७ ते १८६९ या काळात बांधलेल्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला आणि सुटे भाग जहाजाने येऊन येथे जुळवले गेले. १८९६ साली ल्युमिएर बंधूंची चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती याच इमारतीत. पुढे दुरुस्तीची आबाळ झाली, आणि २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळून एका माणसाचा जीव गेला. कठडा म्हणजे नुसती शोभा नव्हे, हे तेथे फार महागात कळले.

आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १८६५-६६ च्या सुमारास तीन कार्यशाळा निघाल्या. सजावटीची चित्रकला जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे, शिल्पकाम लॉकवुड किपलिंग यांच्याकडे, आणि नक्षीचे घडीव लोखंडकाम हिगिन्स यांच्याकडे. १८७८ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) दगडी आणि लोखंडी नक्षीला याच शाळेतले विद्यार्थी लागले. म्हणजे येथे माल नव्हे, हात तयार केले गेले.

हे हात मराठवाड्यात आधीपासून होते, फक्त त्यांना शाळा नव्हती. बाजाराच्या दिवशी भाता लावून बसलेला घिसाडी आणि समोर घण मारणारी त्याची बायको हे दृश्य आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असेल. विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकाची धाव ही त्यांची कामे. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, तापवून चढवतात आणि पाणी ओततात. ती आकसून चाक आवळते. धातूच्या प्रसरणाचा धडा शिकवताना गोळा आणि कडे काढण्याआधी ही धाव आठवावी.

कमळाच्या पट्टीला हेच आकसणे आडवे आले. नवी पट्टी ओतायची तर जुनीच नमुना म्हणून वाळूत दाबावी, असे सर्वांना वाटले. पण बीड निवताना लांबीत शंभरात सुमारे एक भाग आकसते. ७५ सेंटिमीटरची पट्टी पाऊण सेंटिमीटर आखूड निघाली असती आणि वरच्या दांडीला पोचलीच नसती. सुताराने मग सागवानी नमुना तेवढा वाढवून केला, आणि तो कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत गेला, कारण बीड ओतण्याचा व्यवसाय तिकडे मोठा आहे.

दरम्यान वेल्डरनेही आपली शंका फेडून घेतली. त्याने जुना तुकडा आणि सळई आळीपाळीने ग्राइंडरला लावली. आम्ही चष्मे लावून लांब उभे राहिलो. सळईच्या ठिणग्या लांब, उजळ आणि टोकाशी फुटणाऱ्या होत्या. बिडाच्या आखूड, तांबूस. "हे आधी केलं असतं तर!" तो म्हणाला.

नवी पट्टी आली ती दोन मिलिमीटर लांब. तेवढी कानशीने घासून बसवली.