कॅसान्ड्रा आणि उत्तर समुद्र

ग्रीक पुराणकथेतील कॅसान्ड्राला भविष्य दिसत असे. परंतु तिच्या शब्दावर कुणीही विश्वास ठेवू नये, असा शापही तिच्या माथी होता. नेदरलँड्सच्या सरकारी जलखात्यातील अभियंता योहान फान फेन यांनी टोपणनाव म्हणून हेच नाव निवडले, याचे आम्हांला नेहमीच नवल वाटत आले आहे. देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील समुद्रबांध मोठ्या वादळापुढे टिकणार नाहीत, हे त्यांच्या मोजमापांवरून उघड झाले होते. 1939 साली सरकारने वादळी उधाणांच्या अभ्यासासाठी समिती नेमली, तिचे ते सचिव होते. पुढे महायुद्ध आले. 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी वाल्खरन बेटाचे बांध फोडले. युद्धानंतर डागडुजीची कामे इतकी होती, की उद्याच्या संकटासाठी पैसा उरला नाही. खाड्यांची मुखे बंद करण्याची योजना फान फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर उतरवली, त्या अहवालावरची तारीख आहे 29 जानेवारी 1953.

दोनच दिवसांनी, 31 जानेवारीच्या रात्री, वायव्येचे वादळ आणि पौर्णिमेनंतरचे उधाण एकाच वेळी किनाऱ्यावर आदळले. वेधशाळेला धोका कळला नव्हता, असे म्हणता येत नाही. धोकादायक भरतीचा इशारा त्याच संध्याकाळी तारेने रवाना झाला होता. पण ही तार केवळ तिचे वर्गणीदार असलेल्यांनाच मिळत असे आणि बांधांची देखभाल करणाऱ्या स्थानिक जलमंडळांपैकी फार थोडी वर्गणीदार होती. तो शनिवार होता. कचेऱ्या बंद होत्या. नभोवाणीचे कार्यक्रम शिरस्त्याप्रमाणे मध्यरात्री संपले. पहाटे बांधांवरून पाणी वाहू लागले, त्यांची आतली बाजू खचली आणि माणसे झोपेतच वेढली गेली.

प्रतिसादाची कथाही अशीच आहे. दूरध्वनीच्या तारा तुटल्या, रस्ते बुडाले आणि सर्वाधिक हानी झालेल्या भागांतूनच बातमी येईनाशी झाली. जिथून आक्रोश ऐकू येत नाही तिथे सारे ठीक असावे, असा समज सरकारी वर्तुळात काही काळ राहिला. पहिली मदत पोचवली ती मच्छीमारांच्या नावांनी. पहिले निरोप धाडले ते हौशी रेडिओचालकांनी. रविवारी दुपारची भरती पहाटेपेक्षाही क्रूर ठरली, कारण आता अडवायला बांधच नव्हते. छपरांवर आसरा घेतलेली कितीतरी माणसे घरांसह वाहून गेली. नेदरलँड्समध्ये 1836 जण मृत्युमुखी पडले.

त्यानंतर मात्र शासन विलक्षण वेगाने हलले. तीन आठवड्यांच्या आत डेल्टा आयोग नेमला गेला आणि त्याचे सचिवपद फान फेन यांच्याकडेच आले. बांध किती उंच असावा, या प्रश्नाचे उत्तर गणिती फान डान्त्सिख यांनी खर्च आणि संभाव्य हानी यांच्या तुलनेतून शोधले. 1958 मध्ये डेल्टा कायदा संमत झाला. 1959 मध्ये फान फेन निवर्तले. पूर्व स्खेल्डे खाडीवरील, एरवी उघडा राहणारा आणि वादळात बंद होणारा अडसर 1986 मध्ये पूर्ण झाला.

या अजस्र बांधकामांचे कौतुक जगभर झाले, ते योग्यच आहे. तरीही कॅसान्ड्राचे रूपक इथे पुरेसे लागू पडत नाही, असे आम्हांला वाटते. तिचे बोलणे ट्रॉयने ऐकले आणि नाकारले. महाभारताच्या अखेरीस बाहू उभारून टाहो फोडणारे व्यासही निदान उघड्यावर बोलतात. झीलंडच्या शेतकऱ्याला मात्र अविश्वास दाखवण्याचीही संधी मिळाली नाही; त्याच्या बांधाविषयीचे सत्य कचेरीतल्या कागदांत होते आणि त्या रात्रीचा इशारा दुसऱ्याच कुणाच्या नावे आलेल्या तारेत. शासनाची सज्जता मोजताना आपण बांधाची उंची पाहतो. जाणत्यापासून बांधाखाली झोपलेल्या माणसापर्यंतचे अंतरही तितक्याच काटेकोरपणे मोजले पाहिजे.