मडकं, कुंभार आणि वारूळ

ईश्वर नाकारणारा तो वेद नाकारणारा, असं आपण सहज धरून चालतो. इतिहास काही तसं सांगत नाही. नैयायिकांचा युक्तिवाद साधा होता: मडकं आहे म्हणजे कुंभार असणार, जग हेही घडलेलंच आहे, तेव्हा त्याचाही कर्ता असणार. ७ व्या शतकात बौद्ध धर्मकीर्तीने विचारलं, वारूळही मातीचंच, मग तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का?

हे झालं बौद्धांचं. पण साधारण त्याच शतकातला कुमारिल भट्ट बघा! कट्टर वेदनिष्ठ, बौद्धांचा कडवा विरोधक. आणि ‘श्लोकवार्तिका’त तोच विचारतो: शरीर नसलेल्याला निर्मितीची इच्छा कशी झाली? करुणेपोटी म्हणाल, तर जीवच नव्हते तेव्हा करुणा कुणाची आली? आणि करुणाच होती, तर दुःख कशाला घातलं? आम्हाला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड वाटतो. मुळात मीमांसकांचा वेद अपौरुषेय. त्याला कर्ता दिला, की त्या कर्त्यावर विश्वास का ठेवायचा, हेही सिद्ध करणं आलं.

पुढे तीनेकशे वर्षांनी उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली. दुःख जीवांच्या कर्मानुसार, असं नैयायिकांचं उत्तर. मग कर्मच पुरे की, ईश्वर कशाला? उदयन म्हणतो, कर्माचं अदृष्ट अचेतन आहे. कुऱ्हाड सुताराशिवाय चालते का?