बर्नियेचा वसंत

हिंदुस्थानांतील वसंताचें वर्णन आम्रमोहर आणि कोकिळ यांच्या साहाय्यानें कवींनीं पुष्कळ केलें आहे. परंतु थंड मुलखांतून आलेल्या प्रवाशाच्या वांट्याला या ऋतूंत प्रत्यक्ष काय येतें, हें जाणावयाचें असेल तर फ्रांस्वा बर्निये या फ्रेंच वैद्याचीं पत्रें वाचावीं.

इ. स. १६६४ च्या डिसेंबरांत औरंगजेब बादशहा दिल्लीहून काश्मीरच्या वाटेला लागला. बर्निये त्या वेळीं दानिशमंदखान या विद्वान् अमीराच्या पदरीं होता. अर्थात् धन्याबरोबर त्यासही जावें लागलें. त्याची तयारी शहाणपणाची होती. दोन तुर्की घोडे, एक इराणी उंट, लहानसा तंबू, हलकी खाट, आणि पुढें पाण्याची सुरई घेऊन चालणारा नोकर. शिधासामग्रींत तांदूळ, बडीशेप घातलेलीं गोड बिस्किटें, साखर व लिंबें होतीं. शिवाय दहीं टांगून निथळण्याकरितां आंकडा लावलेली कापडी पिशवी! आपल्याकडील गृहिणी चक्का करतात तीच ही युक्ति. सातासमुद्रांपलीकडच्या त्या वैद्यानें ती किती लवकर उचलली, याचें कौतुक वाटतें.

तथापि लाहोरास सर्वच बेत फसला. काश्मीरच्या घाटांतील बर्फ वितळेपर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ तेथें थांबणें प्राप्त झालें. डोंगर मोकळा होईतों मैदान तापणार, आणि मैदान गार असतांना निघावें तर डोंगर बंद. या वाटेची अडचण ही अशी होती. एकटादुकटा वाटसरू रात्रीं चालून ती टाळूं शकला असता. परंतु बादशहाची छावणी म्हणजे चालतें नगरच. तिला चपळाई कोठून येणार?

तांबड्या समुद्राच्या मुखाजवळील मोखा बंदराचें ऊन सोसल्यावर जगांतील कोणत्याही उन्हाची भीति उरली नाहीं, अशी बर्नियेची समजूत होती. लाहोर सोडल्यानंतर चारच दिवसांत ती नाहींशी झाली. आकाशांत ढग नाहीं, वाऱ्याची झुळूक नाहीं. घोड्यांना हिरवें गवत दिसेना. त्याच्या चेहऱ्याची, हातापायांची सालें निघालीं आणि अंगभर घामोळें उठून सुयांसारखें टोंचूं लागलें. या देशांत जन्मलेले त्याचे नोकरही हतबल झाले. तंबू नसलेला एक गरीब स्वार झाडाच्या सावलीस सरपटत गेला, तो तेथेंच मेलेला आढळला. उरलेलीं चारपांच लिंबें आणि साखरपाण्यांत कालवावयाचें सुकें दहीं एवढाच बर्नियेचा आधार होता. लिहितां लिहितां लेखणीच्या टोंकावरची शाई वाळत होती.

एवढ्या यातनांतही त्यानें कारणमीमांसा सोडली नाहीं. उत्तरेकडील पर्वत थंड वारे अडवितात आणि सूर्यकिरण परतवून मैदानावर टाकतात, असा त्याचा तर्क होता. पैकीं पहिली गोष्ट बरोबर आहे. दुसरीस मात्र फारसें महत्त्व देतां येत नाहीं. पर्जन्याआधींची कोरडी जमीन, निरभ्र आकाश व माथ्याजवळ आलेला सूर्य एवढीं कारणें पंजाबचें मैदान भाजून काढण्यास पुरेशीं आहेत.

पुढें पर्वताच्या पायथ्याशीं भिंबर येथें तळ पडला. तेथील नदीचें कोरडें पात्र म्हणजे तापलेली भट्टीच होती. पाऊस आला आणि डोंगराकडून दहीं, लिंबें व एक कोंबडी मिळाली, म्हणून तो बचावला. काश्मीरांत धान्याची टंचाई पडूं नये यास्तव बादशहानें निवडक लोकांसच पुढें जाण्याची परवानगी दिली. पीरपंजाल चढतांना घाम गाळावा आणि माथ्यावर गोठलेलें बर्फ तुडवावें, असे दोन ऋतु बर्नियेनें एका तासाच्या आंत अनुभवले.

त्याच चढावर जनानखान्यांतील स्त्रिया हत्तींवरून चालल्या होत्या. पुढचा हत्ती उंच चढण पाहून बुजला व मागें सरला. तो मागच्यावर, तो त्याच्या मागच्यावर, असे पंधरा हत्ती दरींत कोसळले. तीनचार स्त्रिया मेल्या. हत्तींना वर काढण्याचा उपाय नव्हता. दोन दिवसांनीं बर्निये तेथून गेला तेव्हां त्यांतील कांहीं अद्याप सोंड हालवीत होते.